काम आणि विसावा: यिन-यांगच्या आधाराने दिवस कसा बसवावा

रात्री दहाला अंग मोडून आलेलं असतं, तरी गादीवर पडल्यावर डोळा लागत नाही. सकाळी उठावं तर थकवा तसाच. असं ज्यांचं चाललं आहे आणि ज्यांनी ‘यिन-यांगचा समतोल’ हे शब्द कुठेतरी ऐकलेत, पण त्यांचं रोजच्या दिवसात नेमकं काय करायचं हे ज्यांना कुणी सांगितलेलं नाही, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. मी ताई-ची, म्हणजे संथ हालचालींचा चिनी व्यायाम, शिकताना या विचारापाशी पोचले आणि मग नोकरी, घर आणि घरातलं आजारपण यांत तो वापरत गेले. इंदूरच्या हवेत, इथल्या जेवणाखाण्याच्या वेळांत तो कसा बसवायचा हे मला माझं शोधावं लागलं. तुमचा तेवढा वेळ वाचावा.

सगळ्याचं सार आधीच सांगून टाकते: काम संपल्यावर उरेल त्या वेळात विश्रांती घ्यायची ठरवली, तर ती कधीच मिळत नाही. ती कामाच्या पोटात, आधीच जागा धरून ठेवावी लागते. पुढच्या सगळ्या पायऱ्या ती जागा कशी धरायची याच्याच आहेत.

सुरुवातीला काय जवळ हवं

- एक साधी वही आणि पेन. मोबाइलमध्ये नोंदी ठेवू नका. नोंद करायला उचललेला फोन अर्ध्या तासाने खाली ठेवला जातो.
- गजराचं घड्याळ, म्हणजे फोन झोपायच्या खोलीबाहेर ठेवता येईल.
- एक चटई किंवा सतरंजी, दुपारी जमिनीवर पाठ टेकायला.
- अलीकडच्या रक्ततपासणीचे अहवाल: हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२ आणि साखर.
- घरातलं एक माणूस, ज्याला तुम्ही काय करताय हे माहीत आहे.

अहवालांचं मी मुद्दाम सांगते. शाकाहारी घरांत बी-१२ कमी असणं अगदी नेहमीचं आहे, आणि रक्तक्षय किंवा मंदावलेलं थायरॉइड यांचा थकवा कुठल्याही दिनचर्येने जात नाही. रात्री मोठ्याने घोरणं, झोपेत श्वास अडकणं आणि दिवसा बसल्या बसल्या पेंग येणं, हेही डॉक्टरांना दाखवण्याचं लक्षण आहे. उदासी आठवडेच्या आठवडे हटत नसेल तर तेही. आधी ते पाहा, मग ही वही उघडा. यिन-यांग हे दिवस पाहण्याचं भिंग आहे. औषधाची जागा ते घेत नाही.

१. टेकडी डोळ्यांसमोर आणा

इंदूरजवळच्या रालामंडलच्या टेकडीवर सकाळी चढणाऱ्यांनी हे पाहिलेलं असतं. सूर्य वर आला की पूर्वेकडचा उतार उन्हात असतो आणि पश्चिमेकडचा सावलीत. संध्याकाळी नेमकं उलट. जुन्या चीनमध्ये टेकडीची सावलीतली बाजू म्हणजे यिन आणि उन्हातली बाजू म्हणजे यांग, इथूनच हा विचार निघाला. पुढे त्यात रात्र आणि दिवस, थंड आणि उष्ण, स्थिर आणि चल, आत वळणं आणि बाहेर पडणं अशा जोड्या येत गेल्या. आपल्या कामापुरतं एवढं पुरे: बाहेर पडणं, करणं, तापणं, बोलणं हे यांग, आत वळणं, थांबणं, निवणं, ऐकणं हे यिन.

आता वहीच्या पहिल्या पानावर तीन गोष्टी लिहून ठेवा.

पहिली: कोणतीही गोष्ट कायमची यिन किंवा यांग नसते, कशाच्या तुलनेत ते पाहायचं. चालणं हे बसण्याच्या मानाने यांग, पण धावण्याच्या मानाने यिन.

दुसरी: एकाच्या पोटात दुसऱ्याचं बीज असतं. यिन-यांगचं चिन्ह असलेल्या काळ्या-पांढऱ्या गोलातल्या काळ्या भागातला पांढरा ठिपका आणि पांढऱ्यातला काळा ठिपका हेच दाखवतात.

तिसरी, आणि माझ्या मते सर्वांत कामाची: एक टोकाला गेलं की ते दुसऱ्यात वळतं. अकराव्या शतकातला चिनी विचारवंत चौ तुन-यी (१०१७–१०७३) याने हे मांडलं आहे. हालचाल टोकाला पोचली की तिची स्थिरता होते, आणि स्थिरता टोकाला पोचली की तिच्यातून पुन्हा हालचाल सुरू होते. हे वळण टळत नाही. लग्नघरात चार दिवस राबल्यावर पाचव्या दिवशी तापाने झोपणं हेही वळणच. फक्त ते आपण घेतलेलं नसतं, शरीराने जबरदस्तीने घेतलेलं असतं. आपल्याला शिकायचं आहे ते टोकाच्या जरा आधी स्वतःहून वळणं.

*इथे लोक फसतात.* समतोल म्हणजे निम्मं-निम्मं, बारा तास हे आणि बारा तास ते, असं समजून वेळापत्रक आखलं जातं आणि तिसऱ्या दिवशी ते फाटतं. ताई-चीमध्ये उभं राहायला शिकवतात तेव्हा दोन्ही पायांवर सारखा भार टाकून राहणं हा दोष मानतात. एक पाय भरलेला, दुसरा रिकामा. मग भार हळूहळू सरकतो आणि रिकामा पाय भरतो. दोन्हींवर सारखा भार असेल तर पुढचं पाऊलच उचलता येत नाही. दिवसाचंही असंच आहे. सकाळ कामाने भरलेली असू द्या, संध्याकाळ रिकामी असू द्या. भार सरकतो आहे ना, एवढंच पाहायचं.

दुसरी फसगत आपल्याकडची खास. यिन-यांग म्हणजे आपले शिव-शक्तीच, असं म्हणून लोक पुढे जातात. पण जोडी सारखी दिसली तरी वाटणी वेगळी आहे. चिनी परंपरेत स्त्रीतत्त्वाला यिन, म्हणजे स्थिर बाजू दिली आहे. आपल्याकडे शक्ती हीच क्रियाशील आणि शिव निश्चल. एकातलं दुसऱ्यात सरळ उचलून ठेवलं की गोंधळच होतो. आणि ‘बाई म्हणजे यिन, म्हणून तिने शांत असावं’ हा निष्कर्ष तर मी माझ्या घरात येऊ देत नाही. कोणत्याही घरात पहाटेपासून सर्वांत जास्त यांग कोण खर्च करतं ते वहीत आपोआप दिसेल.

२. आठवडाभर दोन रकाने भरा

या पायरीला घाई करू नका. काहीही बदलायचं नाही, फक्त लिहायचं. वहीच्या पानावर डावीकडे वेळ आणि त्यापुढे दोन रकाने: शरीर आणि मन. दर दोन तासांनी एक ओळ. प्रत्येक रकान्यात यिन किंवा यांग. वाटल्यास पुढे एक शब्द: ताजं, जड, चिडचिड, बरं.

दोन रकाने का, ते पहिल्याच दिवशी कळेल. बँकेत किंवा संगणकावर काम करणाऱ्याच्या ओळी अशा येतात: सकाळी दहा ते बारा, शरीर यिन, मन यांग. दोन ते चार, शरीर यिन, मन यांग. रात्री नऊ ते अकरा सोफ्यावर मोबाइल घेऊन, शरीर यिन, मन यांग. म्हणजे दिवसभर शरीर एकाच बाजूला आणि मन दुसऱ्याच बाजूला पडून आहे. अशा माणसाला ‘जरा आराम कर’ म्हणून पुन्हा सोफ्यावर बसवलं तर त्याला विश्रांती मिळणार कशी? त्याच्या शरीराला हालचाल हवी आणि मनाला स्वस्थता. त्याच्यासाठी झाडांना पाणी घालणं, पिपल्यापाला तलावाच्या काठाने चालणं, अंगण झाडणं, कणीक मळणं, ही विश्रांती आहे. शरीर यांग, मन यिन.

उलट, जी बाई सकाळी साडेपाचपासून ओट्यापाशी उभी आहे, तिला कुणी ‘संध्याकाळी फिरायला जात जा, बरं वाटेल’ म्हटलं तर तो सल्ला चुकीच्या माणसाला दिलेला आहे. तिला आधी पाय वर करून पडायला हवं. दुकानात दिवसभर उभं राहून गिऱ्हाइकांशी बोलणाऱ्याला शरीराची आणि जिभेचीही विश्रांती हवी. घरी आल्यावर त्याला अर्धा तास कुणी काही विचारू नये.

आठवडा संपला की तीन खुणा शोधा:

- सलग तीन-चार ओळी दोन्ही रकान्यांत यांग. इथे तुम्ही टोकाकडे चालला आहात.
- दोन्ही रकान्यांत यिन अशी झोपेखेरीज एकही ओळ नसणं. बहुतेकांच्या वहीत ती नसते.
- ज्या ओळींपुढे ‘बरं’ लिहिलं आहे, त्यांच्या आधीची ओळ कोणती? बरं वाटणं बहुतेक वेळा बाजू बदलल्यावर येतं.

मोबाइल पाहण्याच्या ओळींपुढे प्रामाणिकपणे ‘मन यांग’ लिहा. शरीर पडून आहे म्हणून त्याला विश्रांती म्हणण्याची सवय आपल्याला फार लागली आहे. दर काही सेकंदांना नवं चित्र, नवा आवाज, कुणाचा तरी राग, कुणाचं तरी लग्न. मन यात थांबतं कुठे?

३. दुपारचा सांधा

चिनी परंपरेत दिवसाचे दोन-दोन तासांचे बारा प्रहर मानत. त्यातल्या दोन प्रहरांना वेगळं महत्त्व आहे: दुपारी ११ ते १ आणि रात्री ११ ते १. भर दुपारी यांग शिखरावर असतो आणि त्याच घटकेला यिनचा जन्म होतो. मध्यरात्री यिन शिखरावर असतो आणि यांगचा जन्म होतो. म्हणून या दोन्ही वेळी थांबावं, असं तिथला वैद्यकविचार सांगतो.

हे तास सूर्याच्या हिशेबाचे आहेत, आपल्या हातातल्या घड्याळाचे नव्हेत. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशावरून घेतलेली आहे आणि इंदूर त्याच्या पश्चिमेला साडेसहा अंशांहून थोडं अधिक आहे. अंशाला ४ मिनिटं धरली तर इथला सूर्य घड्याळाच्या सुमारे २६ मिनिटं मागे चालतो. म्हणजे तो ११ ते १ चा प्रहर इंदुरात साधारण साडेअकरा ते दीड. वर्षभरात यात थोडं मागेपुढे होतं, त्याची चिंता नको. नातलग बडोद्यात असतील तर त्यांना सदतीस मिनिटं धरायला सांगा, ग्वाल्हेरच्यांना सतरा. आपल्या जेवणाच्या वेळेशी हा सांधा किती चांगला जुळतो पाहा.

करायचं असं:

जेवण दीडच्या आत. जेवून लगेच आडवं व्हायचं नाही. शतपावली, घरातल्या घरात चालेल. मग चटईवर डाव्या कुशीवर. आपली वामकुक्षी ती हीच, आणि डाव्या कुशीवर पडल्याने आम्ल वर येण्याचा त्रास कमी होतो हे आजचं वैद्यकही मानतं. गजर २० मिनिटांचा. डोळा लागला तर लागला, नाही लागला तरी उठायचं नाही आणि काही वाचायचंही नाही.

*वीस मिनिटांची मर्यादा पाळा.* तासभर झोपलात तर गाढ झोपेत शिरता, तिथून उठल्यावर डोकं जड राहतं आणि रात्रीची झोपही लांबते. दुपारी तीननंतर तर पडूच नका.

ज्यांना कार्यालयात पडायला जागा नाही, त्यांनी खुर्चीत पाठ टेकून, पाय जमिनीला लावून, डोळे मिटून दहा मिनिटं बसावं. श्वास आत घ्यायला चार मोजत असाल तर बाहेर सोडायला सहा-सात मोजा. श्वास सोडताना हृदयाचे ठोके किंचित मंदावतात, म्हणून सोडणं लांबवलं की शरीराला थांबण्याची खूण मिळते. सहकारी पाहतील याचा संकोच पहिले काही दिवस वाटतो. मग त्यांच्यातलाच कुणीतरी शेजारी येऊन डोळे मिटतो.

४. रात्रीचा सांधा

मध्यरात्रीचा प्रहर इंदुरात साडेअकरा ते दीड. या वेळी तुम्ही गाढ झोपेत असायला हवं, म्हणजे दिवे साडेदहाच्या सुमाराला मालवायला हवेत. आणि नेमक्या याच वेळी आपला सराफा, इंदूरचा रात्रीचा खाऊबाजार, ऐन रंगात असतो.

सराफ्यावर माझं फार प्रेम आहे. दिवसभर तिथे सोन्याचांदीचा व्यवहार, आणि रात्री दुकानं बंद झाली की त्याच ओटल्यांपुढे भुट्ट्याचा कीस, गराडू (तळलेला कंद) आणि जिलेबीच्या कढया. एकाच गल्लीची उन्हाची आणि सावलीची बाजू पाहायची असेल तर इंदूरइतकी सोय कुठे नाही. ‘शब-ए-मालवा’ म्हणून मालव्याच्या गार रात्रींचं कौतुक पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे, आणि या पठारावर उन्हाळ्यातही रात्री हवा निवते हे खरंच आहे. ती रात्र उपभोगू नका असं मी कुणाला सांगणार नाही. फक्त आठवड्यातून एकदाच जा, शक्यतो दुसऱ्या दिवशी सुट्टी असेल तेव्हा, आणि दुसऱ्या दिवशीही नेहमीच्या वेळेच्या तासाभरात उठा. झोपेची भरपाई दुपारी करा. रविवारी अकरापर्यंत लोळलात तर रविवारी रात्री झोप येत नाही आणि सोमवार आधीच बिघडतो.

बाकीच्या दिवशी रात्रीचा उतार संध्याकाळीच सुरू होतो. दिवसभर तापलेली शिळा सूर्य बुडाल्याबरोबर गार होत नाही, तसं शरीरही दिवा बंद केल्याबरोबर निवत नाही. त्याला दोन-तीन तास द्यावे लागतात.

शेवटचा चहा चारच्या आत. चहा-कॉफीतल्या कॅफिनचा निम्मा अंश शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात. सहाला घेतलेल्या चहातला अर्धा अकरा वाजताही तुमच्यात असतो. मराठी घरात संध्याकाळचा चहा सोडणं किती अवघड आहे ते मला माहीत आहे. सोडू नका, अलीकडे आणा, आणि सहाला कुणी आलंच तर त्यांच्यासोबत गवती चहा-आलं घालून उकळलेलं पाणी घ्या.

रात्रीचं जेवण आठच्या सुमाराला. नवानंतर घरातले पांढरे ट्यूबलाइट बंद करून एखादा मंद, पिवळसर दिवा. फोन बैठकीत, चार्जरला लावून, तिथेच. हिशोब, मुलांचे मार्क, भावकीतलं भांडण, हे विषय नवानंतर काढायचे नाहीत. आमच्याकडे हा नियम करायला फार बोलावं लागलं, आणि सर्वांत जास्त उपयोग याच नियमाचा झाला.

मोठ्यांना सात तासांहून कमी झोप सहसा पुरत नाही. साडेदहाला झोपून साडेपाचला उठणं याच हिशेबात बसतं.

५. कामात ठिपका, विसाव्यात ठिपका

दोन सांधे बसले की मधले लहान ठिपके. इथेच नवखे लोक कंटाळतात, कारण ठिपके दिसायला फार क्षुल्लक असतात.

तीनतालाच्या सोळा मात्रांत नववीला खाली येते. तिथे टाळी पडत नाही आणि पुढे डग्ग्याचा घुमारा थांबतो, पण ताल काही तुटत नाही. खाली आहे म्हणूनच सम, म्हणजे पहिली मात्रा, कळते. गायक उस्ताद अमीर खाँ यांच्या संथ विलंबितावर कान घडलेल्या इंदूरला हे सांगायची खरं तर गरज नाही.

कामातला यिनचा ठिपका: दर पाऊण-एक तासाने दोन-तीन मिनिटं. बैठं काम असेल तर उठून उभं राहा, खिडकीतून लांबचं काही पाहा, पाणी प्या. उभं काम असेल तर बसा. बोलण्याचं काम असेल तर गप्प राहा. शिक्षकांनी दोन तासांच्या मध्ये शिक्षककक्षात जाऊन गप्पा मारण्याऐवजी एकदा तरी व्हरांड्यात एकटं उभं राहून पाहावं. ठिपका नेहमी तुमच्या कामाच्या उलट बाजूचा हवा, हे लक्षात ठेवलंत तर मला वेगळी यादी द्यायची गरज नाही.

विसाव्यातला यांगचा ठिपका लोक विसरतातच. सुट्टीचा पूर्ण दिवस लोळून काढला की संध्याकाळी सुस्ती आणि चिडचिड येते. स्थिरता टोकाला गेलेली असते. सुट्टीच्या दिवशीही सकाळी अर्धा तास अंगातून घाम निघेल असं काहीतरी करा. निवृत्त झालेल्यांना हे विशेष सांगते. चाळीस वर्षं यांगने भरलेला दिवस एका तारखेला रिकामा होतो, आणि घरचे म्हणतात, ‘आता आराम करा.’ त्यांना उलट रोज ठरलेल्या वेळी बाहेर पडण्याचं एखादं काम हवं. बाजारहाट, वाचनालय, नातवाला शाळेतून आणणं, काहीही.

आठवड्याला दीडशे मिनिटं मध्यम व्यायाम ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. रोज अर्धा तास याप्रमाणे पाच दिवसांत ती भरते. व्यायाम सकाळी उन्हात केलात तर आणखी चांगलं. सकाळच्या उजेडाने शरीराचं घड्याळ लागतं आणि रात्री झोप वेळेवर येते.

६. ऋतूप्रमाणे भार सरकवा

सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी संकलित झालेल्या ‘हुआंगदी नेइजिंग’ या चिनी वैद्यकग्रंथात ऋतूंचं वेळापत्रक दिलं आहे. वसंतात आणि उन्हाळ्यात उशिरा झोपून लवकर उठावं, शरदात लवकर झोपून कोंबड्याबरोबर उठावं, हिवाळ्यात लवकर झोपून सूर्य वर येईपर्यंत थांबावं. वाचायला सुंदर आहे. पण ते जसंच्या तसं मालव्यात आणू नका.

आपल्या आयुर्वेदात उन्हाळा हा बळ घटण्याचा काळ मानला आहे. व्यायाम कमी करावा आणि दिवसा झोपायची मोकळीक फक्त याच ऋतूत घ्यावी, असं सांगितलं आहे. हिवाळ्यात बळ सर्वांत जास्त, म्हणून व्यायाम भरपूर. चिनी ग्रंथ मात्र हिवाळ्यात सगळं साठवून, झाकून ठेवायला सांगतो. दोन्ही आपापल्या हवेला धरून आहेत. उत्तर चीनमध्ये हिवाळ्यात नद्या गोठतात. इंदुरात डिसेंबरच्या दुपारी स्वेटर काढावा लागतो. म्हणून मी दोन्हींमधून निवडलं ते असं:

एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जातो. अंगमेहनतीची कामं सकाळी नवाच्या आत, दुपारची वामकुक्षी अर्ध्या तासापर्यंत, व्यायाम हलका. जूनमध्ये सूर्य पावणेसहाच्या आधीच उगवतो आणि सव्वासातच्या सुमाराला मावळतो, तेव्हा रात्रीचं निजणं अर्धा तास पुढे गेलं तरी चालेल.

पावसाळ्यात घरात कोंडल्यासारखं होतं आणि यिन साचतो. घरातल्या घरात सूर्यनमस्कार सुरू ठेवा.

डिसेंबर-जानेवारीत व्यायाम आयुर्वेदाचा आणि झोप चिनी ग्रंथाची. सूर्यच सातला उगवतो, साडेपाचचा गजर साडेसहावर न्यायला हरकत नाही. रात्री दहालाच झोपा.

७. घरात हिशोब जुळवा

एकट्याचा समतोल घरात टिकत नाही. तुमची वामकुक्षी कुणाच्या तरी भांडी घासण्यावर उभी असेल, तर घराच्या वहीत ती ओळ यांगचीच राहिली, फक्त दुसऱ्याच्या नावावर गेली. म्हणून सर्वांचे दोन रकाने एकदा शेजारी ठेवून पाहा. कुणाच्या दिवसात दोन्ही रकान्यांतलं यिन नाही ते शोधा. ती व्यक्ती बहुधा आई किंवा सून असते. तिला कोणती वीस मिनिटं मिळणार आणि त्या वेळात दार कोण उघडणार, कुकर कोण बंद करणार, हे नाव घेऊन ठरवा. ‘आम्ही मदत करू’ यावर सोडू नका.

सणांचंही आधी पाहावं. गौरी-गणपती, दिवाळीचा फराळ, घरचं कार्य, हे यांगचे डोंगर आहेत आणि ते हवेतच. रंगपंचमीला राजवाड्याची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, चुकवा असं मी म्हणणार नाही. पण कॅलेंडरवर सणाभोवती खूण करताना पुढच्या दिवसावरही खूण करा: त्या दिवशी पाहुणे नाहीत, स्वयंपाक वरण-भाताचा, कपडे धुणं नाही. हा दिवस सणाचाच भाग समजा. गौरी विसर्जनाच्या संध्याकाळीच ज्या घरात पुढची कामं सुरू होतात, तिथे बाया आठवडाभर अंगदुखीने आणि डोकेदुखीने हैराण झालेल्या मी पाहिल्या आहेत.

८. रात्रपाळी असेल तर

इंदुरात आता बाहेरदेशच्या वेळेवर काम करणारी पुष्कळ मुलं-मुली आहेत. त्यांना सूर्याचे सांधे पाळता येत नाहीत. त्यांच्यासाठी तत्त्व तेच, घड्याळ त्यांचं. झोपून उठल्याची वेळ ही तुमची सकाळ. उठल्यावर अर्धा तास उजेडात या. पाळीच्या मध्यावर तुमची दुपार. तिथे वीस मिनिटांचा थांबा मागून घ्या. पाळीच्या शेवटच्या सहा तासांत चहा-कॉफी नको. सकाळी घरी येताना पोहे-जिलेबी खायला मित्रांबरोबर थांबावंसं वाटतं, पण त्या वेळी ऊन डोळ्यांवर घेतलंत तर झोप उडते. काळा चष्मा लावून सरळ घरी या, हलकं खा, जाड पडदे ओढा.

घरच्यांनी एवढंच पाळावं: मुलगा सकाळी नऊला झोपला म्हणजे त्याची ती मध्यरात्र आहे. दारावरची बेल बंद ठेवा, कुरिअर शेजारी घ्यायला सांगा, आणि ‘दिवसभर झोपतोस’ हे वाक्य घरातून काढून टाका. पाळी दर आठवड्याला बदलत असेल तर वरिष्ठांशी बोलून निदान दोन-तीन आठवडे एकच पाळी मिळते का ते पाहा. शरीराला नव्या वेळेवर यायला काही दिवस जातात, आणि तेवढ्यात पाळी बदलली तर ते कुठल्याच वेळेचं राहत नाही.

महिन्याने काय तपासायचं

वही पुन्हा आठवडाभर भरा आणि पहिल्या आठवड्याशेजारी ठेवा. किती तास झोपलात, किती पावलं चाललात हे मोजू नका. पाहायचं ते असं: गजराच्या आधी जाग येते का, दुपारी चारच्या सुमाराला गोड खावंसं वाटणं कमी झालं का, ‘चिडचिड’ हा शब्द किती ओळींपुढे आहे, आणि दोन्ही रकान्यांत यिन असलेली एक तरी ओळ रोज आली का. आली नसेल तर तिसऱ्या पायरीकडे परत जा आणि महिनाभर तेवढंच करा, दुपारची वीस मिनिटं. बाकी सगळं त्यानंतर.

सगळं नीट पाळूनही महिन्याने थकवा तसाच असेल, तर ही वहीच डॉक्टरांकडे घेऊन जा. कधी, किती वेळ आणि कशानंतर थकवा येतो हे तारीखवार लिहिलेलं असलं की त्यांनाही पुढची तपासणी ठरवणं सोपं जातं.